कूलर बंद करा

मंगळवारी आणि शुक्रवारी, चार ते सहा,
मी मोहरील सरांना वाचून दाखवते.
धंतोलीत, पहिला माळा. जिन्याचा कठडा
मे महिन्यात हात लावू देत नाही.
सरांचे डोळे गेले त्याला आता तिसरं वर्ष.
मुलगी ऑस्ट्रेलियात. तिनं ग्रंथालयात फोन केला,
स्पष्ट आवाजाचं कुणी आहे का म्हणून,
आणि मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजला होते.
ट्रंक कॉलच्या काळात अमरावतीपासून गोंदियापर्यंत
लोकांना माझा आवाज ठाऊक होता,
नाव नव्हतं.

सरांनाही नाही. ते गजभिये बाई म्हणतात.
इंदोऱ्यात गजभिये पुष्कळ.

कादंबरी असली की कूलर चालतो.
"दोन पानं वाहून गेली तरी कादंबरी पुढं सापडते, बाई."
एकाचा नायक चाळीस पानं रेल्वे फाटकापाशी उभा.
सर घोरत होते.
मी फाटक उघडेपर्यंत वाचत राहिले.
मालगाडी होती.

कविता निघाली की मात्र ताठ बसतात.
"कूलर बंद करा. ओळ कुठं तुटते
ते ऐकू आलं पाहिजे."
शेहेचाळीस डिग्री. ताट्यांचं ठिबकणं थांबतं,
वाळ्याचा वास तेवढा मागं राहतो,
आणि आम्ही दोन म्हातारी माणसं
घामानं निथळत
कुणा पोराच्या ओळीच्या टोकाशी.

एकोणनव्वद साली सरांनी माझ्यावर अकरा ओळी लिहिल्या होत्या.
त्रैमासिकात, अगदी मागं, 'साभार पोच'च्या वर.
'कवयित्रीकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे;
थांबावे कुठे, हे मात्र ठाऊक नाही.'
तेव्हा मी उके होते.
मिल बंद पडून बाबा घरी बसलेले.
त्यांनी तेवढा तुकडा कापला, कणकेची खळ केली
आणि ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला.
मी म्हटलं, बाबा, शिव्या आहेत त्या.
"शिव्या तर सुपरवायझर बी देत होता.
नाव घेऊन नाही. हे पाय, उके. छापून हाय."

गेल्या शुक्रवारी
अंकातल्या तीन कवितांच्या मधे
मी वहीतली एक सरकवली, माझी.
रात्रपाळीत जोडून दिलेला एक कॉल,
चंद्रपूरहून, कुणाचं तरी कुणीतरी गेलं होतं,
आणि तीन मिनिटं झाली तेव्हा
मला मधे बोलावं लागलं होतं.
एवढंच. आवाज बदलू दिला नाही,
नोकरीची सवय.

सर कितीतरी वेळ गप्प.
हनुवटीवरून घाम ठिबकला, तो पुसला नाही.
"पुन्हा."
पुन्हा वाचली.
"शेवटची ओळ काढायला सांगा या माणसाला."
बाई आहे, मी म्हणाले.
"मग बाईला सांगा." आणि एरवी छापल्यासारखं बोलणारे सर
एकदम आपले नागपूरचे झाले:
"अहो, कॉल तर कटला ना तिथं!
मंग ही ओळ कोणाशी बोलून राहिली?"

मग म्हणाले, कूलर लावा.

अजनीच्या पुलावर गाडी बाजूला घेतली.
खाली एक इंजिन एकटंच मागं-पुढं करत होतं.
ती ओळ सोडून कविता मनात म्हणून पाहिली.
सर बरोबर होते.
तेव्हाही असतील, आणि त्याचाच तर राग.

घरी वही उघडली. पेन्सिलीला टोक केलं.
ट्रंक अजून आहे, तिच्यात आता रजया असतात.
झाकण उघडलं की कागद दिसतो,
पिवळा, एका कोपऱ्यात झुरळानं खाल्लेला,
उके शाबूत.

ओळ काढली नाही.

मंगळवारी जायचं आहे.
फाटक तर कधीचं उघडलंय,
तो बुवा अजून पलीकडे गेलेला नाही.